पोट दुखते? मग पायही पाहा!

येळवस झाली, शेतातली भज्जी-आंबील खाऊन झाली आणि हुरड्याचा हंगाम लागला, की आमच्या दवाखान्यात पोटदुखीची मुले येऊ लागतात. तीस वर्षांचा हा अनुभव आहे. बहुतेकांना खरोखरच काहीतरी बाधलेले असते. दोन दिवस हलके खाणे, मीठ-साखरेचे पाणी आणि आराम एवढ्यावर मूल पुन्हा शेतात पळायला लागते. त्यामुळे पौष महिन्यात कोणी पोट धरून आले, की आईबापांच्याच काय, डॉक्टरच्या तोंडातही पहिला शब्द 'हुरडा' हाच येतो. आज ज्या आजाराविषयी लिहायचे आहे, तो नेमका याच गर्दीत लपून येतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कळंब तालुक्यातल्या एका वाडीवरची आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन आली. मुलाचे आईवडील मुकादमाची उचल घेऊन दसऱ्यानंतर ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. शाळा बुडू नये म्हणून लेकरू आजीपाशी ठेवलेले.

"दोन दिस झाले डाक्टरसाहेब, लेकरू पोट धरून लोळतंय. घास पोटात गेला की जास्तच. हुरडा बाधला म्हणून ओवा दिला, बेंबी बसवून आणली, बिब्बा बी घातला. काय बी फरक नाही."

पोटावर बिब्ब्याचे दोन ताजे चटके दिसत होते. मूल टेबलाकडे चालत आले ते लंगडतच.

"आजी, पायाला काय झालं?"

"खेळताना मुरगळला असंल. घोटे सुजलेत जरा."

थंडीचे दिवस. मुलाच्या अंगात जाड पँट होती. ती खाली सरकवली आणि आजीही दचकली. घोट्यांपासून पार कुल्ल्यांपर्यंत जांभळट लाल ठिपके उठलेले होते. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही रुपयाएवढे, हाताला किंचित उंच लागणारे. पोटावर, छातीवर, चेहऱ्यावर मात्र एकही नाही. मी आणखी एकच प्रश्न विचारला, "आठ-दहा दिवसांपूर्वी सर्दी-खोकला, घसादुखी झाली होती का?" झाली होती.

हुरड्याचा बिचाऱ्याचा यात काही दोष नव्हता.

हा आजार कोणता?

या आजाराचे नाव लांबलचक आहे: हेनॉख-शॉनलाईन परप्युरा. शॉनलाईन आणि हेनॉख हे दोघे जर्मन डॉक्टर. शॉनलाईन यांनी १८३७ साली अंगावरचे जांभळे ठिपके आणि सांधेदुखी यांची जोडी दाखवून दिली. त्यांचे शिष्य हेनॉख हे बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १८७४ साली त्यात पोटातली कळ आणि शौचातून रक्त जाणे यांची भर घातली. त्याही आधी हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांच्या, १८०२ साली छापलेल्या ग्रंथात अशाच एका पाच वर्षांच्या मुलाची हकिगत आहे. त्याचे पोट दुखत होते, उलट्या होत होत्या, शौचात रक्ताच्या रेषा होत्या आणि लघवीही लालसर होती. म्हणजे आजार नवा नाही. २०१२च्या आंतरराष्ट्रीय नामावलीत त्याला 'आयजीए व्हॅस्क्युलायटिस' असे नवे नाव मिळाले. सोप्या मराठीत सांगायचे तर हा सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांचा दाह आहे.

शेतात ठिबक असणाऱ्यांना हे चटकन समजेल. मोठ्या पाइपातून पाणी लहान पाइपात आणि तिथून बारीक नळ्यांत जाते. शरीरातही तसेच आहे. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी फाटे फुटत फुटत केसाहूनही बारीक होते. त्या बारीक नळ्यांच्या भिंती सुजल्या, की त्यांतून रक्त बाहेर झिरपते. ते कातडीत झिरपले तर जांभळा ठिपका दिसतो. सांध्याजवळ सूज आली तर घोटा-गुडघा दुखतो. आतड्याच्या भिंतीत झिरपले तर पोटात कळ येते आणि मूत्रपिंडात झिरपले तर लघवीतून रक्त किंवा प्रथिने जातात. आजार एकच, ठिकाणे चार.

असे का होते? नाक, घसा आणि आतडी यांच्या अस्तराला जंतूंपासून वाचवण्यासाठी शरीर 'आयजीए' नावाचे संरक्षक द्रव्य तयार करते. काही मुलांत सर्दी किंवा घशाच्या संसर्गानंतर या द्रव्याचे चुकीच्या घडणीचे पुंजके तयार होतात. ते बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतात आणि तिथे दाह सुरू होतो. घसादुखीनंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी ही लक्षणे दिसतात. थंडीत सर्दी-खोकला वाढतो, म्हणून हा आजारही थंडीत जास्त दिसतो. हा संसर्गजन्य नाही. एकाच ताटात जेवल्याने, एकाच अंथरुणात झोपल्याने भावंडांना होत नाही. परदेशातील नोंदींनुसार दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण १० ते २० मुलांना तो होतो. त्यांतली बहुतेक तीन ते दहा वर्षांची असतात. मोठ्यांनाही होतो, पण क्वचित, आणि त्यांच्या मूत्रपिंडाला मात्र जास्त त्रास देतो.

पोटात नेमके काय घडते?

या आजाराच्या निम्म्याहून अधिक मुलांना पोटाचा त्रास होतो. आतड्याची भिंत सुजते, जाड होते आणि तिच्यात रक्त साकळते. अशा आतड्याला अन्न पुढे ढकलताना कळ येते. म्हणून जेवल्यावर दुखणे वाढते. आजीने हे आपल्या शब्दांत अचूक सांगितले होते, 'घास पोटात गेला की जास्तच'. बेंबीभोवती मुरडून कळ येते, थांबते, पुन्हा येते. उलट्या होतात. पुष्कळ मुलांत थोडे रक्त शौचातून जाते. डोळ्यांना दिसत नाही, पण तपासणीत सापडते. काहींना उघड लाल किंवा डांबरासारखे काळे शौच होते.

यातली सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे आतड्यात आतडे शिरणे. शर्ट काढताना बाही कशी आतल्या आत दुमडली जाते, तसे आतड्याचा सुजलेला भाग पुढच्या भागात ओढला जातो. मार्ग बंद होतो, आत अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. वेळेत सोडवले नाही तर तो भाग काळा पडतो, क्वचित फुटतोही. असे प्रत्येकाला होत नाही. शंभरात तीन-चार मुलांना होते. पण ज्याला होते, त्याच्यासाठी तास मोजायचे असतात.

ओळखायचे कसे? कळ आली की मूल किंचाळून पाय पोटाशी घेते, कळ गेली की मलूल पडते. उलटी हिरवट होते. पोट फुगते किंवा हाताला गोळा लागतो. शौचातून लाल, बुळबुळीत आव पडते. यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

नेहमीच्या, तान्ह्या मुलांत होणाऱ्या आतडे शिरण्यात आणि यात एक फरक आहे. तान्ह्यांत लहान आतडे मोठ्या आतड्यात शिरते, आणि शौचाच्या मार्गाने हवा किंवा औषधी पाणी सोडून ते बहुधा सोडवता येते. या आजारात बहुतेक वेळा लहान आतडेच लहान आतड्यात शिरते. तिथपर्यंत ते पाणी पोचत नाही. म्हणून यात सोनोग्राफीवर भर असतो. काही वेळा आतडे आपोआप सुटते, नाही तर शस्त्रक्रिया करावी लागते.

त्या मुलाचे असेच झाले. दाखल केल्यावर पहिली सोनोग्राफी झाली, तेव्हा आतडे नुसते सुजलेले होते. सलाइन आणि औषधे सुरू झाली, बराही वाटू लागला. तिसऱ्या रात्री मात्र तो पुन्हा कळवळू लागला आणि हिरवी उलटी झाली. पुन्हा सोनोग्राफी केली तर आतड्यात आतडे शिरलेले. त्याच रात्री रुग्णवाहिकेने त्याला सोलापूरला हलवले. आजी पदराने डोळे पुसत शेजारी बसली होती. "आईबाप तिकडं ऊसात, हिकडं काय झालं तर त्यांला काय तोंड दाखवू?" असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पहाटे शस्त्रक्रिया झाली. सर्जनने अडकलेले आतडे हलक्या हाताने सोडवले. ते अजून लालसर, जिवंत होते, त्यामुळे कापावे लागले नाही. आणखी काही तास गेले असते तर हे वाक्य मला लिहिता आले नसते.

फसवणारी लक्षणे

हा आजार डॉक्टरांनाही फसवतो, हे प्रांजळपणे सांगायला हवे. दहांतल्या एक-दोन मुलांत पोट आधी दुखते आणि ठिपके काही दिवसांनी उमटतात. तोवर जंत, अपेंडिक्स अशी निदाने होतात. अपेंडिक्स समजून पोट उघडल्याची उदाहरणेही वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेली आहेत. म्हणून पोटदुखीचे कारण सापडत नसेल, तर दोन-तीन दिवस रोज एकदा मुलाचे पाय, घोटे, पोटऱ्या आणि कुल्ले उजेडात पाहावेत.

ठिपके दिसले तरी घोळ होतोच. कोणी म्हणते पित्त उठले, कोणी म्हणते आई आली. मग निंबाचा पाला उशाशी ठेवून औषध बंद केले जाते. हल्ली डेंग्यूची धास्ती आहे, त्यामुळे 'पेशी कमी झाल्या' असे म्हणून धावपळ होते. यात एक साधी परीक्षा घरी करता येते. काचेचा स्वच्छ पेला ठिपक्यावर दाबून आरपार पाहावे. पित्ताची गांध दाबल्यावर फिकी होते. रक्त झिरपून झालेला ठिपका दाबल्यानंतरही तसाच दिसतो. असा न पुसटणारा ठिपका दिसला, की कारण कोणतेही असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सोबत जोराचा ताप असेल, मूल गुंगीत असेल किंवा नाका-हिरड्यांतून रक्त येत असेल, तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. तो याहून वेगळा आणि जास्त धोक्याचा आजार असू शकतो.

रक्ततपासणीत या आजाराची एक खूण मिळते. ठिपके भरपूर, पण ज्यांना लोक 'पेशी' म्हणतात त्या प्लेटलेट्स कमी नसतात. कधी तर नेहमीपेक्षा जास्तच असतात. पेशी चांगल्या आहेत म्हणजे आजार नाही, असे समजून घरी जाऊ नये.

उपचार

बहुतेक मुले साधारण चार आठवड्यांत आपोआप बरी होतात. या आजाराला मुळापासून कापणारे एक औषध नाही. शरीर सावरेपर्यंत त्याला जपणे हाच मुख्य उपचार. विश्रांती, भरपूर पाणी, हलके जेवण, सांधे दुखत असतील तर पॅरासिटामॉल. उलट्या होत असतील, पोट फार दुखत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर दाखल करून सलाइन द्यावे लागते.

पोटात तीव्र कळा असतील तर डॉक्टर स्टिरॉइड देतात. त्याने सूज उतरून पोटदुखीचे दिवस कमी होतात. पण ते मनाने सुरू करू नये आणि दोन दिवसांत बरे वाटले म्हणून मनाने बंदही करू नये. एकदम बंद केल्यास कळा पुन्हा उलटतात. तसेच स्टिरॉइड दिले म्हणून मूत्रपिंड सुरक्षित झाले, असेही नाही.

गावात दुखणे थांबवायला दिली जाणारी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी औषधे मात्र पोटातून रक्त जात असताना किंवा मूत्रपिंडाला इजा असताना घातक ठरू शकतात. पोट चोळून घेणे, बिब्ब्याने किंवा सळईने डागणे यांचा काडीचाही उपयोग नाही. सुजलेले, अडकलेले आतडे जोराने चोळणे तर जीवावर बेतू शकते. आणि एका दुखण्याबरोबर लेकराला भाजल्याचे दुसरे दुखणे कशासाठी?

खरी कसोटी घरी गेल्यावर

आता जे लिहितो आहे, ते माझ्या चुकीविषयी आहे. १९९७ साली नऊ वर्षांची एक मुलगी याच आजाराने माझ्याकडे आली होती. पोटदुखी थांबली, ठिपके मावळले, मुलगी हसू-खेळू लागली. तिच्या वडिलांना मी म्हणालो, "आता काळजी नको, पुन्हा यायची गरज नाही." वर्षभरानंतर ती आली तेव्हा चेहरा सुजलेला होता, रक्तदाब वाढलेला होता आणि लघवीतून प्रथिने जात होती. मधल्या काळात तिचे मूत्रपिंड गुपचूप खराब होत गेले होते. तिला पुढे मोठ्या शहरात वर्षानुवर्षे उपचार घ्यावे लागले आणि मूत्रपिंड पूर्वीसारखे कधीच झाले नाही. 'पुन्हा यायची गरज नाही' हे माझेच शब्द होते. तेव्हापासून हे वाक्य मी या आजारात कोणालाही म्हटलेले नाही.

पोट ओरडून सांगते, मूत्रपिंड सांगत नाही. या आजारात साधारण तीनातल्या एका मुलाच्या मूत्रपिंडाला थोडीफार झळ लागते. बहुतेकांची ती आपोआप भरून येते. कायमचे नुकसान शंभरात एखाद-दुसऱ्याचेच होते. पण तो एखादा कोण, हे चेहरा पाहून कळत नाही. दुखत नाही, ताप येत नाही, लघवीचा रंगही पुष्कळदा नेहमीसारखाच असतो. कळते ते फक्त लघवी तपासून आणि रक्तदाब मोजून. मूत्रपिंडाची ही इजा व्हायचीच असेल, तर जवळजवळ सर्व मुलांत ती पहिल्या सहा महिन्यांत उघड होते. म्हणून पहिला महिना-दोन महिने दर आठवड्याला आणि मग सहा महिने पूर्ण होईपर्यंत दर महिन्याला लघवीतील प्रथिने व रक्त यांची तपासणी आणि रक्तदाब, एवढे पाहावेच.

आपल्या जिल्ह्यात अडचण इथेच येते. आजाराचा हंगाम थंडीचा आणि ऊसतोडीचा हंगामही तोच. मूल बरे झाले की कुटुंब फडावर निघून जाते. मग कुठली तपासणी? अशा आईवडिलांना माझे सांगणे आहे की, तपासणी माझ्याकडेच किंवा गावातच व्हायला हवी असे नाही. लघवीची ही तपासणी साधी आहे आणि खर्चिकही नाही. फड जिथे असेल तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारावे. जाताना डॉक्टरांकडून आजाराचे नाव आणि तपासणीच्या तारखा कागदावर लिहून घ्याव्यात. तो कागद रेशनकार्डाइतका जपावा.

आणखी एक. तीनातल्या एका मुलात हा आजार काही आठवड्यांनी पुन्हा डोके वर काढतो, बहुधा पहिल्यापेक्षा सौम्यपणे. घाबरू नये, पण पुन्हा दाखवावे.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे

१) मुलाचे पोट दुखत असेल तर कपडे काढून पाय आणि कुल्लेही पाहावेत.

२) पेल्याने दाबून न पुसटणारे ठिपके, घोटे-गुडघ्यांची सूज आणि पोटातली कळ एकत्र दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

३) हिरवी उलटी, शौचात रक्त, पोट फुगणे किंवा मूल मलूल पडणे, ही लक्षणे दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

४) पोट चोळू नये, डागू नये, मनाने दुखणे थांबवणारे इंजेक्शन घेऊ नये.

५) मूल बरे दिसत असले तरी सहा महिने लघवी आणि रक्तदाब तपासावा.

त्या आजीने मात्र मला शिकवले. तिला अक्षरओळख नाही. शाळेच्या गुरुजींकडून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तपासणीच्या तारखांना लाल खुणा करून घेतल्या आणि प्रत्येक खुणेला ती एसटीने हजर राहिली. सातव्या आठवड्यात मूल उड्या मारत आले आणि नेमकी त्याच दिवशी लघवीत प्रथिने सापडली. लगेच मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवले, औषध सुरू झाले. सूज नाही, तक्रार नाही, अशा वेळी ती आली नसती तर काय झाले असते, हे मला १९९७ पासून चांगलेच माहीत आहे. हळूहळू लघवी स्वच्छ झाली. मूल आता पाचवीत आहे आणि अजून वर्षातून एकदा तपासून जाते.

गेल्या पौषात ती दोघे आली होती. तपासणी चांगली निघाली. निघताना आजीने दारातून मागे वळून विचारले, "डाक्टरसाहेब, आता ह्याला हुरडा देऊ का?"

मी म्हणालो, "द्या आजी, पोटभर द्या. फक्त खुणा करायचं विसरू नका."